दुभाषी, खोली क्रमांक सात

स्विंडनच्या दवाखान्यात
मिनिटाच्या दराने मी बसते
दोघींच्या मधल्या खुर्चीत.

इंदुमती घोटवडेकर, वय अडुसष्ट, मुलाकडे आलेल्या,
मागून नाड्यांचा तो निळा झगा
हातात तसाच घडी धरून म्हणाल्या,
"मला बाई लाज वाटते."

डॉक्टर हार्ग्रीव्हनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, शाय.
त्या हसल्या. आईच्या पायांमागे दडलेल्या पोराला
हसावं तशा.

पण आत्ताच, बाहेरच्या बाकावर
बाई सांगत होत्या मला
तलाठ्याच्या टेबलावर हात आपटून
उतारा कसा काढून आणला ते.
ही लाजाळू नव्हे.
शब्द परत घेतला. मॉडेस्ट, म्हटलं.
डॉक्टरांनी मान डोलावली, उठून पडदा ओढला,
दिव्याचा झोत भिंतीकडे वळवला.
एका शब्दाने एवढं झालं.

मग प्रश्न. कधीपासून? शिंकताना? हसतानाही?
भिंतीवर मूत्राशयाचं गुलाबी चित्र होतं,
त्याच्याकडे बघत बाई म्हणाल्या,
"सून चादरी धुते. बोलत काही नाही.
लाज वाटते हो."

तोच शब्द. तीच दोन अक्षरं.

अशेम्ड म्हणावं, तर त्याला काही गुन्हा लागतो,
आणि हिने केलं काय, म्हातारी झाली.
एम्बॅरस्ड तर माणूस बसमध्ये नाणी सांडली तरी होतो,
पुढच्या थांब्यापर्यंत विसरतो.
ही विसरायची नव्हे.
ही रोज मागच्या अंगणात दोरीवर
शेजारच्या खिडकीसमोर वाळत असते,
आणि इथल्या हवेत
लवकर वाळतही नाही.

डॉक्टरांचं पेन थांबलेलं.
मी चार सेकंद गप्प राहिले,
ती चारही पगारी.
मग म्हटलं, एम्बॅरस्ड.
कागदाने तो मुकाट्याने घेतला.

लिफ्टपाशी बाईंनी विचारलं,
"काय सांगितलंत हो तिला?"
"तुम्ही म्हणालात तेच."
"बरं," म्हणाल्या, आणि पदर सारखा केला,
जो सारखाच होता.

गाडीत बसून मी फॉर्म भरला.
वेळ: एकोणचाळीस मिनिटं. भाषा: मराठी.
भाषांतरात काही अडचण आली का?
नाहीच्या चौकटीत खूण केली,
आणि आरशात पाहायचं टाळून
गाडी मागे घेतली.