डावा चावा

कुडचड्याच्या भंगारवाल्याने शेगडा तोलून दिला,
सव्वीस किलो, चौतीस रुपये दराने.
वर म्हणाला, बार्जांच्या कारखान्यातला आहे, उघडत नाही,
दाराला लावा, वाऱ्याने आपटायचं नाही.

मी कवळ्या बनवतो. मडगावात, तीस वर्षं.
न उघडणारा जबडा मला नवा नाही.

पहिला आठवडा रंगातच गेला.
वर हिरवा, खाली करडा, त्याखाली शेंदरी,
आणि दर दोन थरांमध्ये खाणीची तांबडी धूळ,
चाटली तर अजून जिभेला लोखंड लागेल अशी.
गराफांवातला माडाचा शिरका टबात ओतला,
मळसूत्र तीन रात्री बुडवून ठेवलं.
बायको म्हणाली, आता लोणच्यात काय घालू, ग्रीस?
चौथ्या सकाळी दांड्याला नळी चढवून
सगळं अंग टाकलं,
आणि आतून आवाज आला,
अक्कलदाढ सुटताना येतो तसा.

बाजूला उठावाची अक्षरं होती,
कुणीतरी छिन्नीने सोलून काढलेली.
उरला एक एल, आणि एक अर्धं वर्तुळ,
ओ, किंवा सी, किंवा जी,
किंवा नुसताच बिडाचा ओघळ.

दोन शनिवार पणजीला गेलो.
जुन्या जकातीच्या वह्या, काठ वाळवीने कुरतडलेले,
मांडीवर शब्दकोश.
एका पानावर सापडलं: तोर्नु, नग अकरा, मुरगाव बंदर.
हरखलो. चहा मागवला.
मग शब्दकोश म्हणाला, तोर्नु म्हणजे शेगडा
आणि तोर्नु म्हणजे लेथसुद्धा.
कारकुनाने एका शब्दाची शाई वाचवली होती.

तेव्हा कागद सोडले, आणि जबड्याकडे पाहिलं
रोज पाहतो तसं.
माणूस कुठल्या दाढेने सुपारी फोडतो
ते मला त्याची कवळी सांगते.
इथे हॅक्सॉचे चुकलेले घाव
सगळे डाव्या काठावर.
उजव्या हाताचा फिटर उजव्या काठाशी कापतो.
शेगडा कुठे ओतला, देव जाणे;
ज्याने राबवला तो डावखुरा.

मग सांवर्डे-कुडचड्याचं कुणीही खुर्चीत बसलं
की विचारायचो. बहुतेकांना वाटायचं,
म्हातारा भूल देण्याआधी गोष्टी सांगतोय.

एस्पेरांसाबाय आली वरच्या कवळीसाठी.
तोंडात गुलाबी लगदा, घट्ट होईतो तीन मिनिटं
बोलायचं नाही, म्हणून मीच बोलत होतो:
बार्जांच्या कारखान्यात कुणी डावरा फिटर होता का...
तिने डावा हात उचलला.
मला वाटलं, मळमळतंय. भांडं पुढे केलं.
तिने मान हलवली. हात तसाच वर,
मुठीत नसलेला दांडा,
आणि तो तिने फिरवला. एक वेढा. दुसरा.

साचा निघाल्यावर म्हणाली,
"म्हजो घोव. दावरो आसलो."
शाळेत मास्तराने त्याचा तो हात बाकाला बांधून ठेवलेला,
कारखान्यात कुणी बांधला नाही.
एवढंच. ओठांवरचा लगदा पुसत
नळाखाली चूळ भरत राहिली बराच वेळ.

नेता का घरी, विचारलं.
कुठे ठेवू, म्हणाली, मुलाच्या फ्लॅटात, टीव्हीखाली?
मग दारातून वळून,
रात्री आवळून ठेवतोस काय रे?
तो ठेवायचा नाही.
जुन्या तोस्तांवएवढी फट सोडायचा.
का ते तिने कधी विचारलं नव्हतं.

मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो,
झोपताना कवळी काढा, हिरड्यांना वारा लागू दे.
ऐकत कुणी नाही.

दुकान बंद करताना आता
दांडा थोडा उलटा फिरवतो.
तोस्तांव माझ्याकडे नाही,
प्लास्टरची एक चकती ओतून घेतली आहे, अंदाजाने,
ती फटीतून सरकवून बघतो, आणि दिवा घालवतो.

एलचं पुढे काही कळलेलं नाही.