कल्हईला मात्र इथेच आणा

आठवीत, मराठीच्या तासाला,
उभं राहून धडा वाचता वाचता
माझा आवाज फुटला.
'गोदावरी'तल्या 'गो'वर पाय घसरला
आणि 'दावरी' कुठल्यातरी भलत्याच माणसाने वाचली.
वर्ग हसला. मानसी केदारे तर बाकाखाली जाऊन हसली.
मी खाली बसलो आणि ठरवलं,
आता बोलायचंच नाही.

आमचं दुकान तांबट आळीत.
तिथे न बोलणं सोपं असतं.
सकाळपासून समोरून ठण, शेजारून ठिण,
लोक चहासुद्धा खुणेनंच मागवतात.

त्या रात्री दुकान झाडत होतो,
तर कोपऱ्यातलं मोठं तपेलं म्हणालं,
"कुऽऽक!"

झाडू हातातून पडला.
हे तेच तपेलं, ज्याचं गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही.
चार वर्षांचा असताना मी यात बसायचो
आणि बाबा मला शोधायचे, शेंडी दिसत असूनही.
"कोण आहे?" मी विचारलं, जाड.
"अरे पुष्कर, मीच की," आतून आलं, बारीक.
"शाळेतून निघालो तो सरळ इथे आलो.
इथे छान घुमतं."

मग रोज रात्री तेच.
तो सतराचा पाढा म्हणायचा, न अडखळता
(माझ्यात होता तेव्हा कधी आला नाही लबाडाला).
गोदेला पूर आला की विचारायचा,
दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर?
मी हाताने दाखवायचो. मग आठवायचं,
आवाजाला डोळे नसतात.
"कमरेपर्यंत," मी म्हणायचो,
जिन्यावरून रिकामं पिंप गडगडत यावं तसं.
तो हसला नाही.
एकदाही नाही.

एका रात्री वळून बघतो तर बाबा.
किती वेळ उभे होते, कोण जाणे.
त्यांनी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून,
लक्ष्मीच्या फोटोमागून एक गडू काढला.
मुठीएवढा, काळवंडलेला,
कधीच विकायला न ठेवलेला.
माझ्या कानाला लावला.
आत एक मुलगा. रागावलेला, नाक ओढत:
"मी नाही ठोकणार भांडी!
मी ओझरला जाणार. विमानं बनवणार."

मी बाबांकडे बघितलं.
मग एकदम लक्षात आलं,
रोज बघत होतो पण दिसलं नव्हतं:
आळीवरून विमान गेलं
की यांची हातोडी अर्धा ठोका थांबते.

"मग गेला का नाहीत?"
"राहिलो," बाबा म्हणाले.
गडू बनियनला पुसला, परत फोटोमागे ठेवला.

रविवारी गिरणाऱ्याहून एक बाई आल्या,
कडेवर पोर, घरात लग्न.
त्यांना नेमकं तेच तपेलं हवं.
"त्याला विचारा," म्हणत बाबांनी माझ्याकडे बोट केलं
आणि मुद्दाम पाठ फिरवून ठोकत बसले.

मी काही बोलायच्या आत
पोराने तपेल्यात डोकं घातलं.
"कुऽऽक," आतून.
पोर असं खिदळलं
की समोरचे तिघं तांबट बघायला उठले.

मी वजन केलं.
साडेअकरा किलो, आणि काटा थरथरून
अगदी थोडासा पुढे.
त्या थोड्याशाचे पैसे मी लावले नाहीत.

रिक्षात तपेलं, तपेल्यात पोर.
रिक्षा आळीच्या तोंडाशी पोचली
तेव्हा मी पायरीवर चढलो आणि ओरडलो,
दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत,
"ताई! कल्हईला मात्र इथेच आणा!"

आवाज आळीभर गेला.
पत्र्यांवर आपटला, परत आला,
कुठे फुटला, कुठे नाही.
मागे बाबांची हातोडी
अर्धा ठोका थांबली.

मी वर बघितलं.
आकाशात विमान नव्हतं.