सुटायला बळ लागतं

चिलोएत घर ओढून नेतात,
चूल, जिना, खिडकीतला अर्धा वाळलेला बेगोनिया, सगळ्यासकट,
खाली ओंडके, पुढे बैलांच्या नऊ जोड्या.
भरतीने कुंपण गिळलं त्या दिवशी एउदुलिया म्हणाली,
"बास. आता चढावर."

दोरावर मी अकरावा.
पुढे रुपेर्तो कार्कामो, मानेला लसणाचा वास.
मागे कोण ते बघितलं नाही.

पहिल्या हाकेला घर हललं नाही.
दुसऱ्याही नाही.
वस्तू हलली नाही तर कार्य शून्य,
असं आम्हाला शिकवणारा ओनोफ्रे मास्तर
माझ्या शेजारीच होता,
शून्य कार्य करून घामाने निथळत.

कारण आत, दंडात, कुणी थांबलेलं नव्हतं.
मज्जातंतूचा निरोप येतो, कॅल्शियम सुटतं,
ॲक्टिनच्या धाग्यावरची झाकण सरकते,
मायोसिनची इवली डोकी धाग्याला डसतात,
मान तुकवतात, सोडतात, पुढचं धरतात.
एका हिसक्याला मिलिमीटरचा लाखावा भाग.
धागा आखडत नाही, हाही नाही, तोही नाही,
नुसते एकमेकांत सरकतात,
काड्यापेटीतला खण सरकावा तसे.
आणि सगळी डोकी एकदम कधीच सोडत नाहीत.
आधी उठतात बारक्या तुकड्या, सुई ओवणाऱ्या.
मग थोराड, एरवी झोपूनच असणाऱ्या.
तिसऱ्या हाकेला बहुधा त्या उठल्या.
घर कण्हलं,
आणि वीतभर पुढे आलं.

एरास्मो जुलैत गेला, पहाटे.
दुपारी मला बोलावलं; दवाखान्यात मी मोडलेल्या माणसांचे हात-पाय चालते करतो,
म्हणून असेल.
घोंगडीची कड त्याच्या मुठीतून सुटेना.
"मेलेल्यात एवढं बळ कुठून?" एउदुलियाने विचारलं.
बळ नाही, म्हटलं. बळ संपलं, म्हणून.
त्या प्रत्येक डोक्याला धरलेलं सोडायला
एटीपीचा एक कण लागतो.
तो बनवणारं आता कुणी नाही.
थांबलात तर परवापर्यंत मूठ आपोआप सैल पडेल.
ती थांबली नाही.
कात्री आणली, घोंगडी कापली,
कड त्याच्याकडेच राहू दिली.

चढ संपला तेव्हा उजेड उतरला होता.
"सोडा!" कुणीतरी ओरडलं.
बैल सुटले, रुपेर्तो गवतात आडवा झाला.
माझी बोटं मला एकेक करून उलगडावी लागली,
डाव्या हाताने उजवी,
मग मांडीवर घासून डावी.

घर नव्या जागी जरा तिरकं बसलंय.
पायरीवर एउदुलियाने वाटी दिली, बटाट्याचं सूप.
माझा हात थरथरत होता.
सूप सांडलं, पायरीवर, बुटावर.
"सांडू दे," ती म्हणाली.
तिच्या खांद्यावर ती घोंगडी होती,
एका बाजूने आखूड.