चेंडू खाली पडला होता

मानवतला, जिनिंगच्या मागचं मैदान.
फक्कीच्या रेघा दहा वाजेपर्यंतच पुसट झालेल्या,
वाऱ्याला सरकीचा वास,
कापसाचे पुंजके उडत येऊन होमप्लेटला चिकटलेले.
शेवटची इनिंग. पाथरीला एका रनची आघाडी. दोन आउट.
तिसऱ्या बेसवर नाझमीन.
बॅटवर प्रज्वला खिल्लारे, आठवी ब,
पायात भावाचे बूट, टोकाला रद्दी कोंबलेली.

मे महिन्यात, बोरीला, शाळेमागे,
पहाटे साडेपाचला मी हेच तर घोकून घेतलं होतं:
तिसरा स्ट्राइक म्हणजे शेवट नाही.
कॅचरच्या हातात बसला तर शेवट.
खाली पडला तर पळ.
विचारू नकोस, वळून बघू नकोस.
पोरी हसल्या होत्या,
‘आउट होऊन बी पळायचं, मॅडम?’
आउट होऊन नाही गं,
आउट व्हायच्या आत.

आणि आज तेच झालं.
बॅट हवेत फिरली,
चेंडू कॅचरच्या नडगीला लागून
पाण्याच्या ड्रमपर्यंत घरंगळत गेला.
पाथरीच्या पोरी नाचायला लागल्या
आणि प्रज्वला पळाली.
नाझमीन घरी. प्रज्वला पहिल्यावर, दोन्ही पाय बेसवर,
धापा टाकत माझ्याकडे बघत, हसत.

गिराम सरांची मूठ वर:
‘तीन झाले. आउट. चला, हात मिळवा.’

मी गेले. हळू, हात मागे बांधून,
बाईमाणसाचा आवाज चढला की
नियम बाजूला राहतो आणि आवाजच लक्षात राहतो, म्हणून.
‘सर, चेंडू खाली पडला होता.’
‘पडू द्या की. तीन म्हणजे तीन.’
‘दोन आउट असताना, सर—’
‘मॅडम, पंचवीस वर्षं कबड्डीला पंच आहे मी.
मला आउट कळंना का?’

माणूस वाईट नाही.
सकाळी नाझमीनला उन्हाचं गरगरलं
तेव्हा स्वतःची बाटली दिली त्यांनी.
वरून पांढरी टोपी मिळाली, शनिवारी अर्धा दिवस प्रशिक्षण,
त्यातला पाऊण तास चहा.

लेखी हरकत, फी पाचशे, अर्ध्या तासात.
पर्समध्ये तीनशे चाळीस,
त्यात बारा जणींचा वडापाव.

प्रज्वला बेस सोडेना.
‘मी कामून येऊ, मॅडम?
बॉल तर खाली पडला की.’

तिच्याकडे चालत जाताना
मला गंगाखेडची ती सात नंबरची पोरगी आठवली.
तेव्हा टोपी माझ्या डोक्यावर होती.
चेंडू बॅटला लागून तिच्याच पायावर आदळला,
ती चौकोनाच्या आतच होती, तसं म्हणालीही,
आणि मी बोट बाहेर दाखवलं.
रात्री पुस्तकात सापडलं. ती बरोबर होती.
मी पुस्तक मिटलं, दिवा घालवला,
कुणाला सांगितलं नाही.
नियम मला पाठ आहेत ते त्या रात्रीपासून.

पाथरीची कॅचर जवळ आली, मास्क काखेत,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
‘सुटला होता माझ्या हातून.’
गिराम सरांनी ऐकलं.
‘लिहून झालंय आता,’ म्हणाले,
आणि शीट घडी करून खिशात घातलं.

मग मी प्रज्वलाचा हात धरला.
ओढला नाही. ती आली.

संध्याकाळी स्टँडवर गिराम सर.
टोपी नव्हती, तर वेगळेच दिसले, टकलावर घामाची रेघ.
‘ते पान दाखवा जरा.’
मी झेरॉक्स काढली.
उभ्या उभ्या वाचलं त्यांनी, ओळीखाली बोट धरून,
ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखं.
पुन्हा एकदा वरून.
‘हं,’ म्हणाले.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

मानवत रोड मागे पडल्यावर
खिडकीतून तोंड न वळवता प्रज्वलानं विचारलं,
‘काय म्हणले सर?’
‘हं म्हणाले.’
‘मंग?’
‘मंग काय. उद्या साडेपाचला.
आणि बूट काढ आता, पाय बघू.’