एकविसावी

कूलर बंद केलाय. वाऱ्यानं पट्टी उडते.
आतून आई : "काऊन बंद केला वं? जीव चालला माझा."
मे महिना, त्रिमूर्तीनगर, दुपारचे तीन.

जुन्या टॅबचा पडदा पांढरा लख्ख,
त्यावर दुधी काच,
वर डब्यांच्या दोन चळतींवर आडवा
मोबाईल, तोंड खाली करून.
फुंकर मारायची नाही, थुंकी उडते.
ब्रशनं धूळ झटकायची,
श्वास धरायचा, टिपायचं.

पट्टीचा रंग वाळल्या संत्रासालीचा.
छत्तीसांतल्या अकरा कोऱ्या,
चारांत कुमुदआत्याचा अंगठा.
फुटाळ्यावर म्हशी पांढऱ्या, बगळे काळे.

एकविसावी :
कोराडीच्या गेटशी बाबा, शेजारी वानखेडेकाका,
मध्ये एकच सायकल.
बाबांचा चेहरा कोळशाचा,
केस पांढरेशुभ्र.
मिशीसुद्धा.

बाबा गेले तेव्हा एक्केचाळीसचे होते.

एक बटण आहे. दाबलं की सगळं उलटतं.
म्हशी म्हशींच्या रंगाला येतात,
आत्याचा अंगठा गुलाबी होतो.
बाकीच्यांना मी फटाफट दाबत आले होते.

आईला हाक मारली.
ती कणकेचे हात तसेच घेऊन आली,
मान तिरपी करून बघत राहिली,
इतका वेळ, की पडदा आपोआप विझला.
मी पुन्हा पेटवला.

"पांढरी झाल्यावर," ती म्हणाली,
"मिशी ठेवली नसती यांनी.
लय नखरे होते."

आणि जाता जाता
कोपरानं कूलरचं बटण दाबलं.
पट्टी उडाली, थेट दिवाणाखाली.