सतरा नंबरचा पाना

एकशे बारावरच्या मुलीनं विचारलं, हत्यार आहे का?
मी म्हटलं, पाना आहे. सतरा नंबरचा.
ती म्हणाली, ताई, हो की नाही, तेवढंच सांगा.

चार रात्री झोपला नव्हता दौलत.
अशोकनगरच्या आमच्या गल्लीत, डीपीच्या जाळीपाशी
एकेक नट आवळत होता.
म्हणायचा, इथून गळतंय.
काय, ते सांगत नव्हता.
बावीस वर्षं सातपूरला प्रेसवर झिजलेला हात,
कुठला नट किती घ्यायचा
ते त्याला झोपेतही कळायचं.
झोप होती तेव्हा.

आधी मी एकशे आठला लावला होता.
ते म्हणाले, पेशंट आपणहून गाडीत बसेल का?
बसला असता तर रिक्षानंच नसता नेला?
मग पोलीस बोलवा, म्हणाले.
चौकीत म्हणाले, डॉक्टरची चिठ्ठी आणा.
डॉक्टर म्हणाले, पेशंट बघितल्याशिवाय चिठ्ठी कशी देऊ?
अख्ख्या गल्लीच्या भिशीचा हिशोब मी ठेवते.
हा हिशोब काही लागेना.

सायरन नको, असं दोनदा सांगितलं होतं.
रात्री दोनला गाडी आली ती सायरन लावूनच.
खिडक्या उघडल्या, मोबाईल वर झाले.
संक्रांतीला माझ्याकडून तिळगूळ घेतलेले हात
शूटिंग करत होते.

तिघं उतरले.
एकाच्या हातात काठी. एक गाडीत दोर शोधत होता.
तिसरे हवालदार खैरनार,
रिटायरमेंटला आलेले, गुडघ्यांवर हात टेकत
डीपीपाशी खाली मातीतच बसले.
म्हणाले, दादा, हा वरचा राहिला की.
दौलतनं त्यांच्याकडे पाहिलं.
चार दिवसांत पहिल्यांदा कुणाकडे पाहिलं त्यानं.
म्हणाला, तो डाव्या आट्याचा आहे.
अस्सं, खैरनार म्हणाले, तरीच.

सहा-सात मिनिटं असतील.
सरकार कसं असू शकतं
ते मी तेवढ्यात पाहून घेतलं.

मग वायरलेसवर साहेब बोलले, काय चाललंय तिथे.
आणि दोर सापडला.

सिव्हिलच्या खिडकीत नाव, वय, पत्ता, आधार.
सोबत कोण? बहीण.
खाट नाही. ठाण्याला न्या.
डोळे तांबारलेली एक शिकाऊ डॉक्टरीण
हळूच म्हणाली, कायद्यात सगळं आहे हो, ताई.
चांगला आहे कायदा.
आणि आपली पाण्याची बाटली
तिनं स्वतः त्याच्या ओठांना लावली,
त्याचे हात मागे बांधलेले होते म्हणून.

कसाऱ्याच्या घाटात तो म्हणाला,
मागचं चाक ढिलं आहे.
कुणी ऐकलं नाही.
मीही नाही.

तीन महिन्यांनी घरी आला. अंगानं सुटलेला,
जीभ जड, शेजाऱ्यांना आवडेल इतका गप्प.
जेवला, ताट स्वतः उचललं,
म्हणाला, पाना कुठंय?

पाना मुद्देमालात आहे.
पंचनाम्यात लिहिलंय:
एक लोखंडी हत्यार, लांबी अंदाजे आठ इंच.
सोडवायला कोर्टाचा हुकूम लागतो.
मी अर्जात पाना लिहिलं.
कारकुनानं ते खोडून हत्यार केलं.
नाहीतर नोंद जुळत नाही, म्हणाला.
खैरनारांची चौकशी केली, तर ते
मागच्याच महिन्यात रिटायर झालेले.

मंगळवारी गोळ्या मिळतात.
नाहीतर पुढच्या मंगळवारी.

रात्री मोरीतला नळ टपटपतो.
दौलत उठतो, अंधारात
नुसत्या बोटांनी नट पिरगाळून बघतो.
गळतंय, म्हणतो.
मी अंथरुणात पडून असते.
गळतंय खरंच.