चाळिशी

मंगळवार बाजारात दस्तगीर चष्मे वजनावर विकतो.
पितळ वेगळं, जर्मन वेगळं, काच फुकट.
"तै, ह्यात बघण्यासारखं काय नाही बगा,"
म्हणतो, आणि त्याचं त्यालाच हसू येतं.

म्हमाण्यांच्या दुकानात, मागच्या बोळात,
बत्तीस वर्षं मी भिंगं घासली.
कुरुंदाची पूड, पाण्याची धार, पायाखाली पोतं.
अंगठ्याच्या रेघा तिथंच गेल्या.
आता रेशनच्या मशीनला मी ओळखू येत नाही.

आईचं बिड्या वळायचं सूप माझ्याकडे आलं.
त्यात तंबाखूऐवजी चष्मे.

एक नाकचिमटी. काड्या नाहीत, नुसती स्प्रिंग.
लावली की आपोआप हनुवटी वर जाते
आणि समोरचा माणूस अर्जदार वाटू लागतो.

एक कानामागे वेटोळं घेणारी तार,
मागावर वाकणाऱ्याची. धोट्यात पडू नये म्हणून
कानाला अशी मिठी मारलेली
की तारेचा गंज अजून एका बाजूला जास्त आहे,
घामाच्या बाजूला.

एक कासवाच्या पाठीचा. म्हणजे मी तसं समजून आणला.
घरी येऊन चोळला, तर ऊब आली
आणि कापराचा वास सुटला. सेल्युलॉइड!
पुण्याहून एक संग्राहक आले, पांढरे हातमोजे घालून.
त्यांनाही तो कासवाचाच वाटला.
मी चोळून बघा म्हटलं नाही.
मीही फसले होते की.

साखर पेठेतले नरसय्या म्हणायचे,
त्यांच्या आज्याच्या वेळी नंबर नव्हता.
पेटीवाला यायचा, ओट्यावर काचा मांडायचा.
एक लाव, दुसरी लाव, तिसरी.
जिच्यातून सुई ओवली जाईल ती तुझी.
आम्ही तर वयालाच चष्मा म्हणतो:
चाळिशी लागली, चाळिशी हरवली,
अगं, माझी चाळिशी कुठं ठेवलीस?

लोक विचारतात, दुसऱ्याच्या चष्म्यातून काय दिसतं.
काही नाही. धुकं.
त्याला जेवढं दिसत नव्हतं, नेमकं तेवढं
काचेत उलटं घासून ठेवलेलं असतं.
सूपभर माणसांचं न दिसणं.

पुणेकरांनी एक बाजूला सारला. हा टाकून द्या म्हणाले.
डावी काडी नाही, तिथं सूत.
गाठ मी ओळखली, तुटलेला ताणा जोडायची,
फणीतून अडकल्याशिवाय जाते ती.
उजवी काच अडीच. डावी दहा.
म्हणजे डावा डोळा शिबिरात झालेला, उजवा राहिलेला.
एका डोळ्याला बायको मोठी, दुसऱ्याला लहान,
दोघी एकमेकींवर बसायच्या नाहीत.
उजव्या काचेवर गोंदाचा डाग आहे.
चिंधी चिकटवून त्याने एक बायको झाकली असावी.

काल उन्हाला दिले सगळे, गच्चीवर,
दिराच्या मागावरची जुनी चादर अंथरून.
बेचाळीस अंश. मी कडक भाकरी मोडत सावलीला.
आधी वास आला. कापराचा नव्हे.
सुतवाल्याच्या डाव्या काचेखाली
चादरीतल्या मोराच्या मानेला
मोहरीएवढं भोक, कडेला तांबूस, धूर संपत आलेला.

विझवलं. मग किती धागे गेले ते बघावं म्हटलं,
तर माझी चाळिशी खाली, फडताळात.
जिना उतरायचा कंटाळा.
तोच चष्मा कानाला लावला, सूत डाव्या कानाला गुंडाळलं,
उजवा डोळा मिटला,
आणि वाकत गेले, वाकत गेले,
नाक चादरीला टेकायला चार बोटं उरली
तेव्हा एकदम उघडलं सगळं:
उभे धागे, आडवे धागे, सुताचा पीळ,
जळालेल्या टोकाला काळा मणी.

गच्ची नव्हती, चिमणी नव्हती, ऊन नव्हतं.
एवढंच होतं, आणि लख्ख होतं.

सात धागे. की आठ.
मान अवघडली आहे. पुन्हा मोजते.